‘ज्युलिअस सीझर’ : मान, घात आणि दोन भाषणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं हे नाटक आपल्यातल्या पुष्कळांना ‘यू टू ब्रूटस’ आणि शाळेत पाठ केलेलं अँटनीचं भाषण एवढ्यावरच माहीत असतं. पुन्हा वाचायला घेतलं की शंका यायला लागतात. त्यातल्या नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही इथे घेतल्या आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण प्रश्नही सारखे नाहीत.

नाटकाला नाव सीझरचं, मग तो तिसऱ्या अंकातच का मरतो?

नाटक त्याच्याबद्दल आहे, त्याचं नाही. सीझरच्या वाट्याला त्याच्या खुनाचा कट करणारे ब्रूटस आणि कॅशिअस, आणि त्याचा मित्र अँटनी, या तिघांपेक्षाही कमी ओळी आहेत. सर्वांत मोठी भूमिका ब्रूटसची. जिवंत सीझर थकलेला, डाव्या कानाने बहिरा, फेफऱ्याचा त्रास असलेला, स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करणारा माणूस आहे. मेल्यावर मात्र तो आवरत नाही. एकदा त्याचं भूत येतं. त्याचं नाव तर त्याचा वारस ऑक्टेव्हिअस पांघरूनच टाकतो. पाचव्या अंकात अँटनी त्याला सरळ ‘सीझर’ म्हणून हाक मारतो. ज्या नावाची सत्ता संपवायची म्हणून खून केला, ते नाव आता पदवी होऊ लागलं आहे.

कॅशिअस ब्रूटसला कसा वळवतो?

ब्रूटसला काय ऐकायचं आहे हे ओळखून. पहिल्या अंकात तो सुरुवातच अशी करतो : माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही, तुझा आरसा मी होतो. मग सीझरच्या गोष्टी. टायबर नदीत पोहण्याची पैज लावली आणि बुडायला लागल्यावर ‘कॅशिअस, वाचव’ म्हणाला. स्पेनमध्ये ताप आला तर आजारी पोरीसारखं पाणी मागत होता. यात सीझरच्या जुलमाचा एकही पुरावा नाही. आहे ती फक्त ‘हा कोण लागून गेला’ ही जळजळ. ब्रूटसचं मन एवढ्याने हलणार नाही हे कॅशिअसला कळतं, म्हणून तो पूर्वजाला मध्ये आणतो. ज्या ब्रूटसने टार्क्विन राजाला रोममधून हाकललं, त्याचा तू वंशज!

त्यानंतर येतात बनावट पत्रं. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू निरनिराळ्या नागरिकांनी लिहिलेली, ब्रूटसच्या खिडकीतून आत टाकलेली. मराठी वाचकाला इथे ‘ध चा मा’ आठवणं साहजिक आहे. पण आनंदीबाईंच्या त्या आख्यायिकेत कागदावरचं अक्षर बदलतं. इथे कागदावर मजकूरच अर्धवट आहे : ‘ब्रूटस, तू झोपला आहेस. रोमने काय…’ आणि पुढचं वाक्य ब्रूटस स्वतः पुरं करतो : रोमने काय एका माणसाच्या धाकाखाली राहायचं? कॅशिअसने गाळलेली जागा ठेवली, उत्तर ब्रूटसने भरलं. मन वळवण्याचा याहून नेमका नमुना नाटकात दुसरा नाही. अँटनीचं भाषणही याच्यानंतर.

म्हणजे ब्रूटस फसला?

फसला असता तर शोकांतिका हलकी झाली असती. पत्र हातात येण्याआधीच, दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला, मध्यरात्री बागेत तो स्वतःशी बोलतो. त्याचं पहिलंच वाक्य आहे : हे त्याच्या मृत्यूनेच व्हायला हवं. निकाल आधी लागला आहे, खटला नंतर चालणार आहे. मग तो प्रामाणिकपणे कबूल करतो की सीझरविरुद्ध माझं वैयक्तिक काही नाही, आणि त्याच्या विकारांनी विवेकावर मात केल्याचं मी पाहिलेलं नाही. मग मारायचं कशासाठी? तर मुकुट मिळाल्यावर तो बदलेल ‘कदाचित’. आज तो जसा आहे त्यावर आरोप टिकत नाही, तेव्हा मांडणी अशी करू : हे सापाचं अंडं आहे, फुटायच्या आत ठेचलं पाहिजे.

‘मांडणी अशी करू’ हे शब्द वकिलाचे आहेत, न्यायाधीशाचे नाहीत. या नाटकात वक्तृत्वाचा पहिला बळी रोमचा जमाव नसून ब्रूटस आहे, आणि तिथे वक्ताही तोच आहे. मला तरी सगळं नाटक या स्वगतात दिसतं. परीक्षेत मात्र यावर फार कमी लिहिलं जातं, कारण यात टाळ्यांची वाक्यं नाहीत.

‘मान’ म्हणजे या नाटकात नेमकं काय?

मूळ इंग्रजी ‘ऑनर’ या शब्दात मराठीतले तीन-चार शब्द एकत्र नांदतात : अब्रू, प्रतिष्ठा, सचोटी, बाणा. ब्रूटस म्हणतो, मरणाला मी भितो त्याहून अधिक मानाच्या नावावर माझं प्रेम आहे. ‘नावावर’ हा शब्द निसटू देऊ नका. सचोटी एकट्याची असू शकते. नाव व्हायला लोक लागतात. कटवाल्यांना ब्रूटस हवा असतो तोही त्यासाठीच. कटातला कास्का सरळ सांगतो : आपण केलं तर गुन्हा दिसेल, त्याने तोंड दाखवलं की किमया होऊन तोच गुन्हा सद्गुण होईल. आणि ब्रूटस निघून गेल्यावर कॅशिअस एकटाच पुटपुटतो की हा माणूस थोर आहे खरा, पण या थोर धातूलाही हवा तसा आकार देता येतो.

मानाला धरून ब्रूटसला कुणीही उचलू शकतो. गंमत म्हणजे तीच मूठ मग कॅशिअसच्याही हातात राहत नाही. शपथ घेऊ या? ब्रूटस म्हणतो, नको, रोमनांचा शब्द पुरे. नामवंत वक्ता सिसेरोला सामील करू? नको. सीझरबरोबर अँटनीलाही संपवू? नको, आपण यज्ञ करणारे आहोत, खाटीक नव्हे. अँटनीला अंत्यविधीत बोलू द्यायचं? देऊ. शेवटच्या लढाईसाठी फिलिप्पीला चालून जायचं की शत्रूला येऊ द्यायचं? जाऊ. जवळजवळ प्रत्येक वेळी व्यवहारात कॅशिअस बरोबर असतो आणि प्रत्येक वेळी माघार तोच घेतो. ज्याच्या वजनासाठी त्याला आणलं, त्या वजनाखाली कट चिरडला.

ब्रूटस विश्वासघातकी की देशभक्त?

हा वाद नाटकाहून कितीतरी जुना आहे. इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसच्या लढाईत ब्रूटस सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपे याच्या बाजूने लढला होता. हरल्यावर सीझरने त्याला नुसती माफी दिली नाही, वर पदंही दिली. खून झाला त्या वर्षी, इ.स.पू. ४४ मध्ये, तो प्रीटर, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी होता, तोही सीझरच्या मर्जीने. उपकारकर्त्यावर हात उचलणारा म्हणून इटालियन कवी दांतेने ब्रूटस आणि कॅशिअसला नरकाच्या तळाशी, सैतानाच्या जबड्यात, ज्यूडासच्या पंगतीला बसवलं. दुसरीकडे ब्रूटसने स्वतःच्या नाण्यावर दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी कोरून घेतली, खाली मार्चच्या ‘आयडीज’ची, म्हणजे १५ तारखेची नोंद. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला मात्र स्वतःचा चेहरा! जिवंतपणी रोमन नाण्यावर चेहरा छापून घेण्याचा उद्योग आधी सीझरने केला होता आणि लोकांना तो खुपला होता.

शेक्सपिअर निवाडा देत नाही. तो ब्रूटसला खरोखर सज्जन ठेवतो आणि त्या सज्जनपणाची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावतो.

‘यू टू ब्रूटस’ सीझर खरंच म्हणाला होता का?

नाटकात ते लॅटिन आहे : ‘एट टू, ब्रूटे?’ आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पक्षांतराच्या प्रत्येक मोसमात येतं ते त्याचं इंग्रजी रूप. खुनानंतर दीडेकशे वर्षांनी लिहिणारा रोमन चरित्रकार सुएटोनिअस सांगतो की सीझर एक हुंदका सोडता काहीच बोलला नाही. काहींच्या मते मात्र तो ग्रीकमध्ये ‘पोरा, तूसुद्धा?’ असं म्हणाला, अशी पुस्तीही तो जोडतो. शेक्सपिअरने पुढे तीन शब्द घातले : ‘मग पड, सीझर.’ घाव तेवीस असोत की तेहतीस, नाटकातला सीझर खंजिराने मरत नाही, ओळखीने मरतो.

ब्रूटसचं भाषण वाईट होतं का?

मुळीच नाही. तोलून-मापून केलेलं, गद्यातलं, आटोपशीर भाषण आहे. माझं सीझरवर प्रेम कमी नव्हतं, रोमवर जास्त होतं. तो शूर होता म्हणून मी त्याचा मान करतो. महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. वाक्यं तराजूच्या पारड्यांसारखी समोरासमोर बसतात. अडचण एकच : महत्त्वाकांक्षेचा पुरावा कुठेच येत नाही. पुराव्याच्या जागी तो स्वतःचा मान ठेवतो. ‘माझ्या मानाखातर माझ्यावर विश्वास ठेवा’ हे तो अगदी सुरुवातीलाच म्हणतो.

आणि भाषण यशस्वी होतं! जमाव खूश होऊन ओरडतो : यालाच सीझर करा. ब्रूटसचं एक अक्षरही कुणाला कळलेलं नाही हे या तीन शब्दांत उघड होतं. आपण कुणाच्या भरवशावर प्रजासत्ताक वाचवायला निघालो, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. पण तो ‘माझ्यासाठी थांबा, अँटनीचं ऐका’ एवढं सांगून निघून जातो. मैदान सोडून जाणं ही त्याची सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

मग अँटनीचं भाषण एवढं का गाजतं? त्यात नेमकं काय आहे?

आधी अटी पाहा. कटवाल्यांना नावं ठेवायची नाहीत, सीझरबद्दल चांगलं बोलायला हरकत नाही, आमच्या परवानगीने बोलतोय हे सांगायचं, आणि बोलायचं ब्रूटसच्या नंतर. अँटनी अटी मोडल्याचं दाखवतच नाही. ‘मी सीझरला मूठमाती द्यायला आलोय, त्याचे गोडवे गायला नाही.’ पाठोपाठ ‘ब्रूटस हा सन्माननीय माणूस आहे’. हे विशेषण तो आठ-दहा वेळा उच्चारतो. पहिल्यांदा ते खरं वाटतं, तिसऱ्यांदा कानाला टोचतं, पुढे शिवी होतं. शब्द तोच, स्वर बदलत गेला. ब्रूटसची सगळी मिळकत त्या एका विशेषणात होती. अँटनी ती भर चौकात खर्चून टाकतो.

मधल्या जागेत तो पुरावे ठेवतो, ब्रूटसने न ठेवलेले. सीझरने कैद्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तेव्हा तोही रडला. लुपरकलच्या सणात मी तीनदा मुकुट पुढे केला, तीनदा त्याने नाकारला. याला महत्त्वाकांक्षा म्हणायचं? (दुसऱ्या वेळी नाकारताना त्याची बोटं मुकुटावरून निघता निघत नव्हती, असं कास्काने आपल्याला पहिल्या अंकात सांगितलेलं असतं, जमावाला ते ठाऊक नाही.) मग त्याचा गळा दाटतो, तो थांबतो. ‘माझं काळीज तिथे शवपेटीत सीझरपाशी आहे, ते परत येईपर्यंत थांबू द्या.’ हा थांबा खरा की नाटकी? दोन्ही, असं मला वाटतं. अँटनीला दुःख झालेलं आहे आणि दुःखाचा उपयोग कसा करायचा हेही त्याला कळतं.

थांबल्यावर जमाव आपापसात बोलायला लागतो आणि स्वतःच स्वतःला पटवतो. पुन्हा गाळलेली जागा. मग तो मृत्युपत्र दाखवतो, पण वाचत नाही. वाचलंत तर पेटून उठाल, नको. लोक हट्ट धरतात. आता तो कठड्यावरून खाली उतरतो, सगळ्यांना प्रेताभोवती गोल उभं करतो, आणि मृत्युपत्र बाजूला ठेवून सीझरचा झगा उचलतो.

इथे खरी कारागिरी आहे. ‘हा झगा त्याने पहिल्यांदा घातला ती उन्हाळ्यातली संध्याकाळ मला आठवते, नर्वी टोळीवर विजय मिळवला त्या दिवशीची, तंबूत.’ ती लढाई इ.स.पू. ५७ मधली. अँटनी गॉलमध्ये सीझरकडे रुजू झाला तो ५४ मध्ये, म्हणजे त्या संध्याकाळी तो तिथे नव्हताच. पुढे तो भोकांवर बोट ठेवत जातो : इथून कॅशिअसचा खंजीर गेला, हे भोक मत्सरी कास्काने पाडलं, इथून लाडक्या ब्रूटसने भोसकलं. खुनाच्या वेळी अँटनीला कटातल्या ट्रेबोनिअसने बाहेर नेलेलं होतं. कोणाचा घाव कोणता हे त्याला ठाऊक असणं शक्य नाही! पण ऐकताना हे कुणाच्या मनात येत नाही. श्रोत्यांच्याही नाही, प्रेक्षकांच्याही नाही.

सर्वांत शेवटी, ‘मी काही ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा सरळ माणूस आहे.’ आजही प्रचारसभेत एखाद्याने ‘मला भाषण येत नाही’ अशी सुरुवात केली की मी सावरून बसतो. आणि लोक दंगलीला निघालेले असताना तो आठवण करून देतो : अहो, मृत्युपत्र विसरलात! प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर द्राख्मा, शिवाय टायबरकाठच्या बागा. सगळे गेल्यावर एकटा उरलेला अँटनी म्हणतो : आता चालू दे. उपद्रवा, तू उठलास, हवी ती वाट धर.

मराठीत ‘सन्माननीय’ शब्द चालतो का?

झकास चालतो. विधिमंडळात ‘सन्माननीय सदस्य’ म्हणण्याची रीतच आहे आणि पुढे काय ऐकू येणार हे आपल्याला अनुभवाने कळतं. ‘थोर’ घेतलं तर उपरोध लवकर फुटतो, ‘प्रामाणिक’ घेतलं तर ब्रूटसचा खानदानी बाणा निसटतो. रंगमंचावर पहिल्या तीन वेळा नटाने तो शब्द अगदी सरळ म्हणायला हवा. आपल्याकडचे हौशी नट पहिल्यापासूनच डोळा मारतात आणि भाषण तिथेच संपतं.

पोर्शिया आणि कॅल्पर्निया यांचं काय काम?

पोर्शिया ब्रूटसची बायको, कॅल्पर्निया सीझरची. दोघी नवऱ्यांना पटवू पाहतात. पोर्शिया मांडीवर स्वतः केलेली जखम दाखवते : गुपित राखण्याची माझी ताकद बघ. ब्रूटस हेलावतो, सगळं सांगायचं कबूल करतो. पुढे तिच्याच दुसऱ्या प्रसंगात ती काळजीने वेडीपिशी होऊन गड्याला निरोप न देताच धाडायला निघते. कॅल्पर्निया स्वप्न सांगते : सीझरच्या पुतळ्यातून रक्ताच्या धारा, त्यात हात धुणारे हसरे रोमन. सीझर घरी थांबायला तयार होतो. तेवढ्यात कटातला डेशिअस येतो आणि त्याच स्वप्नाचा उलटा अर्थ लावतो : तुझ्या रक्तातून रोमला नवा प्राण मिळणार. वर हळूच, बायकोला चांगलं स्वप्न पडेपर्यंत सभा तहकूब, अशी कुजबुज होईल हो! सीझर झगा मागवतो. त्यालाही मानानेच मारलं.

सिन्ना कवीचा प्रसंग कशासाठी?

एक पानभर प्रसंग आहे, बरेच दिग्दर्शक कापतात. कापू नये. अँटनीच्या भाषणानंतर पेटलेला जमाव रस्त्यात एका माणसाला धरतो. नाव? सिन्ना. कटवाला सिन्ना! तो ओरडतो, मी कवी सिन्ना, तो नव्हे. मग वाईट कवितांसाठी फाडा त्याला. हसू येतं आणि लगेच थांबतं. आधीच्या प्रसंगातल्या सुंदर वाक्यांचं बिल इथे येतं, आणि ते भलताच माणूस भरतो.

नाटकात इतिहास किती?

सांगाडा ग्रीक चरित्रकार प्लूटार्कचा, टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेला. शेक्सपिअरने काळ आवळला. ऑक्टोबर इ.स.पू. ४५ मधली विजययात्रा आणि पुढच्या फेब्रुवारीतला लुपरकल त्याने एका दिवसात बसवले. फिलिप्पीला इ.स.पू. ४२ मध्ये तीनेक आठवड्यांच्या अंतराने दोन लढाया झाल्या, नाटकात एकाच दिवशी. खून पाँपेने बांधलेल्या सभागृहात झाला, नाटकात कॅपिटॉलमध्ये. तेवीस जखमांच्या तेहतीस झाल्या. रोममध्ये घड्याळाचे टोलेही पडतात!

पण नाटकात न आलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. खऱ्या ब्रूटसने सायप्रसमधल्या सालामिस शहराला मध्यस्थांमार्फत कर्ज दिलं होतं, व्याज सालिना ४८ टक्के. सिलिशियाचा सुभेदार म्हणून गेलेल्या सिसेरोने १२ टक्क्यांची मर्यादा घातली होती. खरा सावकार ब्रूटस आहे हे कळल्यावर तो चकित झाला. हे सिसेरोच्याच पत्रांत आहे. चौथ्या अंकातल्या भांडणात शेक्सपिअरने, कळत की नकळत, त्याचा वास ठेवला आहे. ब्रूटस कॅशिअसला लाचखोरीवरून झोडपतो आणि त्याच दमात तक्रार करतो की मी सोनं मागितलं ते तू दिलं नाहीस, कारण हलक्या मार्गाने पैसा उभारणं मला जमत नाही. म्हणजे हलका मार्ग कॅशिअसने धरायचा, पैसा ब्रूटसने वापरायचा, मान ब्रूटसचा राहायचा.

शेक्सपिअर कोणत्या बाजूचा?

२१ सप्टेंबर १५९९ रोजी टॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने थेम्सच्या दक्षिणेला गवताने शाकारलेल्या नाट्यगृहात सीझरचं नाटक पाहिल्याची नोंद आहे. तेव्हा एलिझाबेथ राणी ६६ वर्षांची, निपुत्रिक, आणि वारसाचा प्रश्न उघड बोलायची चोरी. राजहत्येवरचं नाटक लिहिताना बाजू घेणं परवडण्यासारखं नव्हतं. म्हणूनच पुढे प्रत्येकाला त्यात आपली बाजू सापडली. २५ नोव्हेंबर १८६४ रोजी न्यू यॉर्कमध्ये बूथ बंधूंनी हे नाटक केलं, त्यात अँटनी झालेला जॉन विल्क्स बूथ. पाच महिन्यांच्या आत त्याने लिंकनला गोळी घातली. १९३७ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने सीझरला फॅसिस्ट गणवेश चढवला. टांझानियाचे नेते ज्युलिअस न्येरेरे यांनी ते स्वाहिलीत आणलं.

आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम यांनी शेक्सपिअरच्या ग्रंथाला दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचं कव्हर घातलं, म्हणजे पहारेकऱ्यांना ती पोथी वाटावी. कैद्यांनी त्यात आवडत्या ओळींपाशी सह्या केल्या. १६ डिसेंबर १९७७ रोजी मंडेलांनी सही केली ती सीझरच्या ओळींपाशी : भित्रे मरणाआधी अनेकदा मरतात, शूर मरणाची चव एकदाच घेतो. नाटकात सीझर हे म्हणतो ते डेशिअसच्या गोड बोलण्याला भुलण्याच्या थोडंसं आधी. मंडेलांच्या सहीने त्या ओळी त्याच्याकडून काढून घेतल्या.

शेवटी अँटनी ब्रूटसला ‘सर्वांत थोर रोमन’ का म्हणतो?

शत्रू मेला आहे, आता खर्च नाही, हे एक उत्तर. बाकी सगळ्यांनी मत्सरापोटी केलं, एकट्याने सर्वांचं हित मानून केलं, असं तो म्हणतो आणि मला ते खरं वाटतं. पण नाटक तिथे संपत नाही. ज्याने थोड्याच वेळापूर्वी मृत्युपत्रातल्या देण्यांना कात्री कशी लावायची याचा विचार चालवला होता, त्या अँटनीच्या तोंडी शेवटचा शब्द शोभलाही नसता. तो ऑक्टेव्हिअसला मिळतो. ब्रूटसचा देह आज रात्री माझ्या तंबूत, सैनिकाला साजेशा सन्मानाने ठेवा, असा हुकूम तो सोडतो. नाटकभर फिरलेला तो शब्द पुढे पहिला सम्राट होणाऱ्या मुलाच्या हुकुमात शेवटचा येतो. सुएटोनिअसच्या इतिहासात त्याच ऑक्टेव्हिअसने ब्रूटसचं मुंडकं कापून रोमला धाडलं, सीझरच्या पुतळ्याच्या पायाशी टाकायला.